दोन ब्रेकची गाडी

सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, तिथून जिना चढून वर, वरून पुन्हा खाली. वर काही काम होतं का? काडीचं नव्हतं. चहा केला, तो ओट्यावर तसाच निवून गेला. वाळत घातलेले कपडे ओले असतानाच काढून आणले, मग कपाळावर हात मारून पुन्हा नेऊन घातले. जीव असा टांगणीला लागला की हातपाय आपल्या मनाने वागायला लागतात, त्यांना कुणी काय सांगावं!

आज हे घर तिचं एकटीचं होणार होतं, नाहीतर कायमचं हातचं जाणार होतं.

मास्तर आणि ती वेगळे होऊन वर्ष होत आलं होतं. मास्तर म्हणजे तिचा नवरा. आता नवरा म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, कागदावर तरी तो सुटला होता. दोघांचा धंदा गाडी शिकवण्याचा, म्हणून तो सगळ्यांचा मास्तर. आणि ती गियरबाई, कारण शिकाऊने गियर करकरवला की त्याच्या हातावर तिची चापट बसलीच म्हणून समजा. तिच्या हाताखाली शिकलेले लोक आज मोठमोठे ट्रक हाकतात आणि अजून ती दिसली की हात पाठीमागे लपवतात.

तसं पाहिलं तर मास्तर वाईट माणूस नव्हता. कधी हात उचलला नाही, कधी दारूला शिवला नाही. पण तिने भाजीत मीठ घातलं की हा चमचा घेऊन चाखायला हजर. तिने गॅस बंद केला की हा जाऊन बटण चाचपणार. ती फोनवर कुणाशी बोलत असली की हा समोर उभा राहून खुणांनी सांगणार, हे बोल, ते बोलू नको. आणि वर पालुपद ठरलेलं, 'मी आहे ना!' ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. असल्या गोष्टीवरून कुणी संसार मोडतं का, असं तिच्या नणंदेने तोंडावर विचारलं होतं. तुम्ही एक महिना राहून दाखवा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण नणंद त्याच्याबरोबरच लहानाची मोठी झालेली, तिला काय दाखवायचं राहिलं होतं!

वाटणी वकीलबाईंनी करून दिली होती. नवी गाडी आणि तिचे हप्ते मास्तरचे. जुनी गाडी, शिकवणीचा धंदा, घर, आणि घरावरची दोन्ही कर्जं तिची. एक घर घेताना काढलेलं, दुसरं वरची खोली बांधताना. मास्तरचा घरातला हिस्सा तिने सवडीने फेडायचा. फक्त एक अट होती. बँकेने मास्तरचं नाव काढून कर्ज तिच्या एकटीच्या नावावर करायला हवं. नाही केलं तर घर विकायचं, कर्ज मिटवायचं, आणि उरेल ते दोघांनी अर्धं अर्धं घ्यायचं. विकायला अडचण नव्हती, गिऱ्हाईक टपूनच बसलं होतं. आज संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो, असा त्याने दलालामार्फत निरोप धाडला होता.

आणि तिला तर घर हवं होतं. भयंकर हवं होतं. मागच्या मोकळ्या जागेत रंगाचे रिकामे डबे मांडून ती लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवायची. वरच्या खोलीत तिला वर्ग काढायचा होता, रस्त्यावर उतरायलाच भिणाऱ्या बायकांसाठी. आधी खोलीत बसून बोलू, मग गाडीला हात लावू, असा. ती खोली तिने स्वतः रंगवली होती. मास्तर तेव्हा बहिणीकडे राहायला गेला होता, म्हणून भिंतीवर कुठे ओघळ राहिलाय हे दाखवायला कुणी नव्हतं. ओघळ राहिले होते, चांगले ढळढळीत, आणि तिला ते आवडायचे.

मास्तर आला तो चालत.

"नवी गाडी कुठाय?"

"ताईच्या मुलीने नेली. जुनीनेच जाऊ की. काय फरक पडतो?"

फरक पडत होता, पण आजच्या दिवशी तोंड उघडायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं. तिने दाराला कुलूप लावलं. मास्तरने पुढे होऊन ते ओढून पाहिलं.

"माझं कुलूप आहे ते," तिच्याने राहवेना.

"अजून दोघांचं आहे," तो म्हणाला, आणि उगाच हसला.

जुनी गाडी म्हणजे शिकवणीची गाडी. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी. चालवणाऱ्याच्या पायाखाली असतात तसे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक. शिकाऊ गांगरला तर मास्तरने शेजारी बसूनच गाडी आवरावी म्हणून. चावी तिच्याकडे होती, ती चालवायला बसली. मास्तर सवयीने शेजारी बसला आणि सवयीनेच पाय पुढे सरकवून ब्रेकवर ठेवला.

याच गाडीत नाही, पण अशाच एका गाडीत ती त्याच्याकडे शिकायला आली होती. पहिल्या दिवशी तिचे हात थरथरत होते, स्टिअरिंग घामाने निसटत होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "भिऊ नको. माझा पाय आहे इथे." तिला तेव्हा ते इतकं गोड वाटलं होतं की त्यावर तिने लग्न केलं. खोटं कशाला बोला!

"मिरर बघ," मास्तर म्हणाला.

"बघितला."

"तो सायकलवाला कडेने येतोय."

"दिसतोय मला."

"दिसतोय तर..."

"मास्तर, मी शिकवते हे. पोटासाठी शिकवते!"

तो गप्प झाला. तोंडाने गप्प झाला, एवढंच. डोळे रस्त्यावर चालूच होते, इकडे, तिकडे, पुढे, आरशात. तिला न बघताही ते कळत होतं आणि त्याने तिची मान आखडत चालली होती. बँकेत काय विचारतील, कोणता कागद राहिला तर नाही, वेळेत पोचतो की नाही, असं सगळं एकदमच डोक्यात घोळत होतं. पुढे बस रेंगाळली की ती स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायची, मोकळा रस्ता मिळाला की उसासा टाकायची. काही केल्या मन एका जागी बसेना.

मोठ्या चौकात पोचल्या पोचल्या हिरवा जाऊन पिवळा लागला. थांबायच्या रेषेवर ती जवळजवळ आलीच होती. मागे गाडी चिकटून येतेय हे तिने आरशात बघितलं होतं. अशा वेळी थांबायचं नसतं, सरळ निघून जायचं असतं. हे ती दर आठवड्याला कुणा ना कुणाला घसा फोडून सांगत असे. तिने वेग तसाच ठेवला.

आणि मास्तरने ब्रेक दाबला. कचकन.

गाडी जागच्या जागी खिळली आणि बंद पडली. मागून धाडकन दणका बसला. दोघांची डोकी पुढे गेली आणि मागे आली. काचेचा चुरा रस्त्यावर पडल्याचा आवाज आला.

मागे लाँड्रीची गाडी होती. तिचा ड्रायव्हर बाह्या सरसावतच उतरला. अंगाने आडवा, आवाजाने उभा.

"डोळे फुटले का? चालू चौकात ब्रेक मारतात का कुणी? कुणी मारला ब्रेक?"

ती दार उघडून उतरली. "हे बघा..." तिने सुरुवात केली.

मास्तर तोवर पलीकडून पुढे आला होता. दोन्ही हात वर करून, समजुतीच्या सुरात तो म्हणाला, "जाऊ द्या हो, दादा. नवीन आहे ती. शिकतेय अजून. घाबरली बिचारी."

त्या माणसाने टपावरची पाटी बघितली. मग तिच्याकडे बघितलं, तिच्या पिकल्या केसांकडे बघितलं. त्याचा आवाज खाली आला. "या वयात कशाला हे धाडस, मावशी," तो म्हणाला, "बस काय वाईट आहे?" स्वतःच्या गाडीला ओरखडासुद्धा नाही हे वाकून बघितल्यावर तर तो फारच मायाळू झाला आणि मास्तरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या धीराची कमाल आहे बुवा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. गियरबाईला शब्द फुटेना, बघा! लाँड्रीची गाडी निघून गेली. मास्तरने पायाने काचेचे तुकडे कडेला सारले.

"मिटलं ना?" तो म्हणाला. "नाहीतर दुपारपर्यंत घोळ घातला असता त्याने. दिवा फुटलाय नुसता, मी बसवून देतो."

"ब्रेक तुम्ही मारलात."

"पिवळा होता."

"ब्रेक तुम्ही मारलात, आणि घाबरली मी?"

"अगं, त्याची समजूत काढायला बोललो. त्यात काय एवढं? चल, उशीर होतोय."

उशीर खरंच होत होता. तिने गाडी सुरू केली आणि थेट बँकेसमोर नेऊन उभी केली.

बँकेत कर्ज बघणारी अधिकारी तरुण होती, सर्दीने बेजार झालेली, समोर गरम पाण्याचा थर्मास. तिने दोघांना बसवलं, फाइल काढली, आणि नाक पुसत म्हणाली, "तुमचं प्रकरण वरून आलंय."

"झालं?" गियरबाई खुर्चीच्या टोकावर आली.

"होईल. म्हणजे, जवळपास झालंच आहे. धंदा चांगला आहे तुमचा, हप्ते कधी चुकले नाहीत. पण दोन्ही कर्जं एकटीच्या कमाईवर जरा ताणल्यासारखी होतात, असं वरचं म्हणणं. एक जामीनदार द्या, की लगेच करून टाकते. आजच्या आज."

"जामीनदार म्हणजे कोण?"

"कुणीही चालेल. भाऊ, बहीण. कमावतं माणूस हवं."

तिने मनातल्या मनात नातेवाइकांची उजळणी केली. ती लवकरच संपली. दादा स्वतःच्या दुकानाच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. आई थकलेली. बहीण होती, पण मेव्हण्यापुढे हात पसरण्यापेक्षा ती रस्त्यावर झोपली असती. आणि संध्याकाळ काही तिच्यासाठी थांबणार नव्हती.

"मी राहतो की जामीन!" मास्तर म्हणाला.

अधिकारी खुलली. "तुम्ही राहिलात तर प्रश्नच मिटला. तुमचे सगळे कागद आमच्याकडे आहेतच. घरावर तुमचा हक्क राहणार नाही, बरं का. फक्त यांचा हप्ता थकला तर आम्ही तुमच्याकडे येणार."

"चालेल. चालेल ना!" त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. चेहरा असा उजळला होता की वर्षभरात तिने तो तसा बघितला नव्हता. "तू काळजी करू नको. मी आहे ना."

तिच्या छातीवरचा दगड उतरला. का नाही उतरणार? घर मिळालं होतं. डबे, मागची जागा, ओघळांच्या भिंती, सगळं मिळालं होतं. मास्तरने हक्क सोडून वर जबाबदारी घेतली होती. दुसऱ्या कुणाचा नवरा, तोही सुटलेला, असं करेल? तिला क्षणभर त्याची दया आली, माया आली, मघाचा राग पोरकट वाटला. अधिकारीने कागद पुढे सरकवला. मास्तरने खिशातून स्वतःचं पेन काढलं, आणि सही करायच्या आधी डोकं वर करून विचारलं,

"एक विचारू का? हप्ता भरला की नाही, ते तुम्ही जामीनदाराला दर महिन्याला कळवता का?"

"तसं नाही कळवत. हवं असेल तर अर्ज द्या, मेसेज येईल तुमच्या फोनवर."

"हां, तो लावूनच द्या. म्हणजे तारीख जवळ आली की मी हिला आठवण करत जाईन. विसरते ती."

ती आयुष्यात एकही हप्ता विसरली नव्हती. पण ते जाऊ दे. टेबलाखाली तिचं लक्ष गेलं. मास्तरचा पाय पुढे सरकलेला होता, बुटाचं टोक खाली दाबलेलं. हा माणूस खुर्चीत बसूनही गाडी आवरत होता. दर महिन्याला त्याचा फोन येणार होता. एखादा शिकाऊ कमी झाला की विचारणार, काय झालं, कुठे चुकलं. वरच्या खोलीत वर्ग काढला की म्हणणार, आत्ताच कशाला, हप्त्यांचं बघ आधी. कुलूप तिचं असणार होतं आणि तो दुरूनच ओढून बघत राहणार होता, कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे ती म्हातारी होईपर्यंत. आणि प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं बरोबरच असणार, कारण सही त्याची!

"थांबा," ती म्हणाली.

मास्तरचं पेन कागदावर टेकलं होतं.

"नको. जामीन नको मला."

"अहो, पण त्याशिवाय..." अधिकारी गोंधळली. "मग हे प्रकरण मला परत पाठवावं लागेल."

"पाठवा."

हे बोलताना तिने टेबलाची कड धरली. डोळ्यांसमोर सगळं घर येऊन उभं राहिलं. शब्द मागे घ्यायला अजून वेळ होता. अधिकारी मुद्दाम नाक पुसत थांबली होती, भली पोर. गियरबाई मात्र उठली. बसवेना तिला.

बाहेर पायऱ्यांवर मास्तरने तिला गाठलं. तो लाल झाला होता.

"वेड लागलंय का तुला? घर घर म्हणून वर्षभर जीव काढलास माझा. आणि मिळत होतं तर लाथ मारलीस? मी सही करत होतो! माझा हिस्सासुद्धा मागितला नसता कदाचित!"

"माहितीये."

"मग?"

"मला घर हवं होतं, मास्तर. तुमच्याशिवायचं हवं होतं."

हे इतकं सरळ तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं. वकीलबाईंसमोरही नाही. त्याचा चेहरा उतरला. हातातलं पेन त्याने खिशात ठेवलं, ते पडलं, उचलून पुन्हा ठेवलं.

"मी तुझं वाईट चिंतलं का कधी?"

"नाही. कधीच नाही. म्हणून तर इतकी वर्षं लागली मला."

तिने दलालाला फोन लावला. "गिऱ्हाइकाला हो सांगा," ती म्हणाली, "हो, दोघांची संमती आहे. हो, आजच." एवढं नीट बोलून फोन ठेवला आणि मग मात्र तिला रडू आवरेना. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, डोळे पदराने पुसतोय की रुमालाने याचं भान न राहता ती हुंदके देऊन रडली. हातानं रंगवलेली खोली कुणी परकं माणूस चार दिवसांत दुसऱ्या रंगाने रंगवून टाकणार होतं. ओघळ आधी खरवडतील, मग रंगवतील. मास्तर शेजारी उभा राहिला. त्याचा हात एकदा तिच्या खांद्यापर्यंत आला आणि परत गेला.

मग तो म्हणाला, "तू घाबरली नव्हतीस. चौकात."

"नाही."

"निघून गेली असतीस तू. नीट गेली असतीस. मी त्या माणसाला सांगायला हवं होतं."

तिने नाक पुसलं. "सोडते तुम्हाला ताईंकडे. बसा."

ती चालवायला बसली. मास्तर पलीकडे गेला, दाराला हात घातला, आणि तसाच उभा राहिला. तिला वाटलं, दार अडकलं असेल. मग त्याने ते सोडून मागचं दार उघडलं आणि मागे जाऊन बसला, शिकाऊ पोरं आपली पाळी यायची वाट बघत बसतात तिथे. पुढची सीट मागे सरकवलेली होती. त्याचे गुडघे पार हनुवटीशी आले.

"पुढे बसा की. जागा नाही तिथे."

"असू दे."

तिने गाडी काढली. शेजारची सीट रिकामी होती आणि त्या बाजूने तिला वाऱ्यासारखं काहीतरी जाणवत होतं, चांगलं की वाईट ते कळत नव्हतं. सायकलवाले गेले, बस गेली, एक कुत्रं आडवं गेलं. मागून चकार शब्द आला नाही. फक्त एकदा बुटांची चुळबुळ ऐकू आली.

"पाय कुठे ठेवू कळत नाहीये," मास्तर म्हणाला.

तिला हसू फुटलं. डोळे अजून ओलेच होते.

पुढच्या चौकात शिरता शिरता पिवळा लागला. रेषा जवळ होती, मागे गाडी होती, वेग बरोबर होता.

"जाऊ?" तिने विचारलं.

तोंडातून निघून गेल्यावर ती स्वतःच दचकली. म्हणजे हेही ती विचारत आली होती की काय, इतकी वर्षं, दर वेळी?

"मला काय विचारतेस," तो मागून म्हणाला.

तिने आरशात बघितलं. तो मान वळवून खिडकीबाहेर बघत होता. ती गेली.